वांग आणि उटणे

दिवाळीला आठ दिवस उरले की आमच्या घरात खलबत्ता वाजू लागतो. आई उटणे कुटायला बसते. नागरमोथा, वाळा, आंबेहळद, गव्हला कचोरा, चंदनाची पूड, सुकवलेल्या गुलाबपाकळ्या आणि संत्र्याची वाळलेली साल अशा पुड्या तिच्याभोवती मांडलेल्या असतात. घरात मिक्सर आहे, पण आईचा त्याच्यावर विश्वास नाही. त्यात वास जळतो, असे तिचे म्हणणे. कोपऱ्यावरच्या दुकानात तयार उटण्याची पाकिटे टांगलेली असतात, त्यांच्याकडे तर ती ढुंकूनही पाहत नाही.

लहानपणी नरकचतुर्दशीच्या पहाटे आम्हा भावंडांना थंडीत कुडकुडत पाटावर बसवून ती हे उटणे आमच्या हातात देई आणि न चुकता म्हणे, "नीट घासा रे, रंग उजळतो." मला ती हे एकदाच सांगे. धाकट्या बहिणीला तीनतीनदा सांगे. मी गोरा आहे आणि बहीण सावळी. या तीनतीनदा सांगण्याचा अर्थ ध्यानात यायला मला पुष्कळ वर्षे लागली.

यंदा खलबत्त्याचा आवाज ऐकून माझी सोळा वर्षांची मुलगी आजीपाशी येऊन बसली आणि तिने सरळ विचारले, "आजी, याने खरंच गोरं होतं का ग?" आईचा हात क्षणभर थांबला. तिने काय उत्तर दिले ते शेवटी सांगेन. कारण ते उत्तर तिच्या तोंडी यायला आमच्या घरातल्या तीन चेहऱ्यांना बरेच सोसावे लागले आहे.

पहिला चेहरा बहिणीचा. गोष्ट २००४ सालची. तिचे एम. एस्सी. नुकतेच संपले होते आणि घरात तिच्या लग्नाची बोलणी सुरू झाली होती. एका रविवारी "मंडळी" येणार असे ठरले. आमच्या ओळखीच्या एका काकूंनी आईच्या कानात सांगितले की, लिंबाची फोड चेहऱ्यावर चोळली की चार दिवसांत फरक पडतो. उपाय घरगुती, खर्च दोन रुपयांचा, आणि झाडाचे फळ. त्याने अपाय तो काय होणार? बहिणीने फोड चोळली, सालीसकट चोळली, आणि रस चेहऱ्यावर तसाच ठेवून ती दुपारभर गच्चीवर कपडे वाळत घालणे, गाद्या उन्हात टाकणे असल्या कामांत गुंतली. दुसऱ्या दिवशी गाल चरचरू लागले. तिसऱ्या दिवशी त्यांवर लाली आणि बारीक फोड आले, आणि ते बसले तेव्हा कानापासून हनुवटीपर्यंत रस ओघळला होता त्या वाटेने काळपट पट्टा उमटला. रविवारी मंडळी आली, पोहे खाऊन गेली आणि निरोप आला तो अपेक्षेप्रमाणेच आला. तो पट्टा पुरता जायला कित्येक महिने लागले. त्या काकूंनी पुढे कधी तो विषय काढला नाही आणि आम्हीही काढला नाही.

त्या प्रसंगानंतर बहिणीने दोन गोष्टी केल्या. पोह्यांचे कार्यक्रम बंद, असे तिने आईवडिलांना निक्षून सांगितले, आणि लिंबाने असे का व्हावे याचा छडा लावला. ती आता रसायनशास्त्र शिकवते, स्वतःच्या पसंतीने लग्न करून नाशिकला सुखात आहे, आणि या विषयात माझी गुरू आहे. मी पडलो मराठीचा मास्तर. माझे शास्त्राचे ज्ञान शब्दांच्या व्युत्पत्तीपाशी संपते. म्हणून तिने मला सगळा विषय स्वयंपाकघरातून समजावला.

"दादा, वांगं चिरून ठेवलं की काळं का पडतं?"

"हवा लागते म्हणून."

"हवा लागते आणि वांग्यातलं एक विकर कामाला लागतं. तसल्याच जातीचं एक विकर आपल्या कातडीत आहे, टायरोसिनेज नावाचं. त्याच्या कामाला तांबं लागतं. टायरोसिन नावाच्या साध्या पदार्थापासून ते काळं मेलॅनिन करायला घेतं. तेच आपला रंग."

चिरलेले वांगे लिंबाच्या पाण्यात टाकले तर काळे पडत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. आंबटपणाने आणि 'क' जीवनसत्त्वाने ते विकर थोपते. लिंबाने गोरे होण्याची कल्पना बहुधा अशाच कुठल्या तरी अनुभवातून निघाली असावी. पण वांगे चिरलेले असते आणि माणसाची कातडी जिवंत असते, एवढा फरक या तर्कात विसरला जातो. लिंबाच्या सालीत सोरॅलेन जातीची द्रव्ये असतात. ती अंगावर असताना ऊन लागले की कातडी भाजते आणि मागे काळा डाग राहतो. गंमत अशी की, आपल्या वैद्यांना हा गुण दुसऱ्या एका झाडात फार पूर्वी सापडला होता. बावची ती. तिच्या बियांतही सोरॅलेन असते, आणि कोडाच्या पांढऱ्या डागांवर रंग परत यावा म्हणून त्या वापरल्या जात. म्हणजे जे औषध काळेपणा आणण्यासाठी जाणूनबुजून देतात, त्याचाच सोयरा आमच्या बहिणीने गोरेपणासाठी चोळला होता!

दुसरा चेहरा आमच्या सौ.चा. धाकट्या मुलाच्या वेळी दिवस गेले तेव्हा तिच्या दोन्ही गालांवर आणि कपाळावर तपकिरी छटा उमटली. बाळंतपणानंतर ती आपोआप जाईल, असे सगळ्यांनी सांगितले. पुष्कळ जणींची जाते. हिची गेली नाही. उलट रोज सकाळी स्कूटरवरून कचेरी गाठताना ती अधिकच गडद होत गेली. यालाच आपण वांग म्हणतो.

माझ्या पेशाला शोभेल असे पहिले काम मी केले. कोश उघडला. वांग हा संस्कृत 'व्यंग' शब्दापासून आलेला, हे मी मोठ्या उत्साहाने तिला सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, "शब्द कुठून आला ते कळलं. आता तो जाईल कसा ते सांग."

ते मला ठाऊक नव्हते. तेव्हा मी ठाऊक नसलेला माणूस जे करतो ते केले. प्राध्यापकांच्या खोलीत विषय काढला. एका सहकाऱ्याने एका ट्यूबचे नाव कागदावर लिहून दिले. औषधांच्या दुकानात ती मला विनाचिठ्ठी मिळाली. स्टिरॉइडची अशी मलमे डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकू नयेत असा नियम सरकारने २०१८ साली कडक केला होता, आणि ही खरेदी त्यानंतरची. पण दुकानदाराने विचारले नाही आणि मीही विचारले नाही. ट्यूबवर बारीक अक्षरांत काय लिहिले आहे ते वाचायची तसदी, जन्मभर दुसऱ्यांना 'मजकूर नीट वाचा' म्हणून बजावणाऱ्या मी, घेतली नाही.

तीन आठवड्यांत डाग फिकट झाले. सौ. आरशापुढे हसली. मला वाटले, आपण संसारात एक तरी काम वेळेवर केले. मग ट्यूब संपली की नवी, अशी आठ महिने ती लावली जात राहिली. पुढे गाल लाल राहू लागले, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागल्या, पुटकुळ्या आल्या. एक दिवस लावले नाही की चेहऱ्याची आग होई, म्हणून पुन्हा लावायचे. त्याच सुमारास बहीण माहेरपणाला आली. तिने वहिनीचा चेहरा पाहिला, काही न बोलता ट्यूब मागितली आणि डोळ्यांजवळ धरून वाचली.

"दादा, यात हायड्रोक्विनोन आहे, ट्रेटिनॉइन आहे आणि तिसरं स्टिरॉइड आहे. हे वहिनीला कोणी दिलं?"

मी म्हणालो, "मी."

त्या एका शब्दाइतका जड शब्द मी वर्गात किंवा व्याख्यानात कधी उच्चारल्याचे मला आठवत नाही.

या तीन औषधांच्या जोडीमागेही इतिहास आहे. १९७५ साली अमेरिकेतल्या क्लिगमन आणि विलिस या दोघांनी अशा मिश्रणाचे सूत्र प्रसिद्ध केले. आजही त्वचारोगतज्ज्ञ त्याच धर्तीचे औषध काही आठवड्यांपुरते आणि देखरेखीखाली देतात, आणि गुणही येतो. त्याच १९७५ साली दक्षिण आफ्रिकेत फिंडले आणि त्याच्या सहकाऱ्यांनी याची दुसरी बाजू मांडली. हायड्रोक्विनोनची रंग उजळणारी मलमे वर्षानुवर्षे चोपडणाऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर निळसर काळे डाग उमटले होते, आणि ते जाता जात नव्हते. आणि त्याच वर्षी आपल्या देशात गोरेपणाचे आश्वासन देणारी ती प्रसिद्ध क्रीम बाजारात आली. तिने नावातला गोरेपणा काढून टाकायला २०२० साल उजाडावे लागले. औषधाचे सूत्र, त्याचा धोका आणि त्याची हाव या तिन्ही गोष्टी एकाच वर्षी जगापुढे आल्या. आपण त्यांतली तिसरी तेवढी घरात घेतली.

आम्ही रीतसर त्वचारोगतज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी मला रागावले नाही, याचेच मला जास्त वाईट वाटले. मलम त्यांच्या सांगण्याप्रमाणे बंद झाले, आग शमायला अनेक आठवडे गेले, आणि मग त्यांनी खरा उपाय सांगितला. तो ऐकून सौ. निराश झाली, कारण तो होता उन्हापासून बचाव. छत्री, रुंद काठाची टोपी, स्कूटरवर ओढणी, आणि घरातून निघताना गालांना लावायचा लेप. तोही मातकट रंगाचा. पांढरे लेप अतिनील किरण अडवतात, पण डोळ्यांना दिसणारा उजेडही सावळ्या कातडीवरचे वांग गडद करतो, आणि त्याला अडवायला लेपात लोहाचे ऑक्साइड असावे लागते. हे ऐकून मला एकदम अंगणातला गेरू आठवला. गेरूचा रंग तो याच लोखंडाचा.

आता आमच्या आईचे सगळ्यांत लाडके मत म्हणजे, "औषध झाडपाल्याचं असावं." बाईंना मी तेही विचारले, आणि बहिणीलाही. दोघींची उत्तरे जुळली, आणि ती वाचकांच्या कामी येतील म्हणून इथे लिहितो.

झाडांत गुण आहे, यात शंका नाही. ज्येष्ठमधातले ग्लॅब्रिडिन हे द्रव्य टायरोसिनेजला आवरते, असे जपानी संशोधकांनी १९९८ साली दाखवले. त्याच ज्येष्ठमधात लिक्विरिटिन म्हणून दुसरे द्रव्य आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वांग असलेल्या वीस स्त्रियांच्या चेहऱ्याच्या एका बाजूला त्याचे मलम आणि दुसऱ्या बाजूला औषध नसलेले मलम चार आठवडे लावले. औषधाच्या बाजूचे डाग बहुतेकींचे चांगलेच फिकट झाले. आशा वाटावी असा हा प्रयोग आहे. पण वीस चेहरे आणि चार आठवडे एवढ्यावर कोणी घर बांधू नये. शिवाय मलमातला अर्क मोजून घातलेला असतो. आपण ज्येष्ठमधाची पूड पाण्यात कालवून लावतो, आणि ग्लॅब्रिडिन तर पाण्यात फारसे विरघळतच नाही. खोकल्याला ज्येष्ठमध चघळून जो गुण येतो, त्याच्या भरवशावर गालाचा डाग जाईल असे धरून चालता येत नाही.

आणि झाडाचे म्हणजे निरुपद्रवी, हाही हिशेब खरा नव्हे. बेअरबेरी नावाच्या थंड मुलखातल्या झुडपाच्या पानांत आर्ब्युटिन असते, आणि रंग उजळणाऱ्या पुष्कळ मलमांत ते आता असते. रसायनाच्या भाषेत ते म्हणजे साखरेची टोपी घातलेले हायड्रोक्विनोन. टोपीमुळे ते सौम्य होते, पण कुळ तेच. आपला बिब्बा तर घरोघरी ठाऊक आहे. परटाने कपड्यावर खूण करावी ती त्याने, आणि अंगाला लागला तर फोड यावा तोही त्यानेच. तोही झाडाचाच! झाडाला आपल्या रंगरूपाची काळजी नसते. ते आपली पाने, साली आणि बिया आपल्या कामासाठी सजवते. त्यांतले आपल्या उपयोगाचे काय आणि किती, हे शोधायचे काम आपले.

हे सगळे ऐकल्यावर मी पुन्हा माझ्या मुलखात, म्हणजे पोथ्यांत शिरलो. चरकाने 'वर्ण्य' म्हणून दहा औषधी सांगितल्या आहेत. त्यांत चंदन आहे, वाळा आहे, ज्येष्ठमध आहे, मंजिष्ठा आहे, सारिवा म्हणजे आपली उपळसरी आहे. म्हणजे आमच्या आईच्या पुड्यांतल्या दोन पुड्या थेट चरकाच्या यादीतल्या! पण मास्तर म्हणून मला थांबवले ते त्या शब्दाने. वर्ण्य म्हणजे वर्णाला हितकर. वर्ण बदलणारे, असे त्याने म्हटलेले नाही. प्रत्येकाचा वर्ण त्याचा त्याला असावा, तो निरोगी असावा, एवढेच त्या शब्दात आहे. उजळण्याचा हव्यास आपण मागाहून त्यात भरला.

सुश्रुताने व्यंगाची गणना क्षुद्र रोगांत केली आहे. क्षुद्र म्हणजे लहानसहान. चेहऱ्यावर अकस्मात उमटणारे, न दुखणारे, पातळ, सावळट मंडल असे त्याचे वर्णन आहे. आणि त्याची कारणे म्हणून त्याने दोन शब्द योजले आहेत: क्रोध आणि आयास. राग आणि श्रम.

आजचे शास्त्र ही यादी अशी मांडणार नाही. ऊन, गर्भारपण, शरीरातले स्राव आणि आनुवंशिकता ही त्याने दिलेली कारणे. चुलीची धगही डाग वाढवते, असे तज्ज्ञ सांगतात. पण ते दोन शब्द वाचताना माझ्यापुढे उभा राहिला तो तिसरा चेहरा, आईचा. तिच्या दोन्ही गालांवर वांग आहे. मला आठवते तेव्हापासून आहे. आम्ही कोणी त्याला कधी डाग म्हटलेच नाही, कारण आम्हाला तो तिचा चेहराच वाटे. वडिलांची नोकरी गेली ती चार वर्षे तिने शेजारच्या दोन घरांच्या पोळ्या करून दिल्या. सकाळ-संध्याकाळ तव्यापुढे ती आणि तिच्या समोर स्टोव्हची ज्वाळा. दुपारी उन्हात रेशनच्या रांगेत उभी असे तीही तीच. आयास तर डोळ्यांपुढे होते. क्रोध तिने कुठे ठेवला असेल, हा प्रश्न मला या वयात पहिल्यांदा पडला.

पोथी मिटून मी तिच्याजवळ गेलो आणि विचारले, "आई, तुझ्या गालांवर हे वांग केव्हापासून आहे ग?"

"तुझ्या बहिणीच्या वेळेपासून."

"मग तू कधी काही लावलं नाहीस? आम्हाला उटणं लावायचीस, हिला लिंबू लावायला सांगितलंस..."

ती हसली. म्हणाली, "मला कोण बघायला येणार होतं?"

मी उत्तर दिले नाही. वीस वर्षांपूर्वीच्या त्या रविवारी पोह्यांच्या बशा आत-बाहेर करणारी तीच होती. मुलीच्या गालावरच्या पट्ट्याकडे पाहुण्यांची नजर जाते आहे हे दारातून पाहत होती तीही तीच. तिच्या स्वतःच्या गालांकडे त्या दिवशी कोणाची नजर गेली नाही. माझीही नाही.

सौ.चे वांग आता बरेच फिकट आहे. पुरते गेलेले नाही. बाईंनी आधीच सांगितले होते की, ते जाते आणि उन्हाळ्यात परत डोके काढते. त्याच्याशी भांडण दीर्घ मुदतीचे आहे. टोपी आणि मातकट लेप दोन्ही दाराजवळच्या खुंटीपाशी असतात. औषध बाई देतात, चिठ्ठीवर तारीख घालून देतात, आणि कधी बंद करायचे तेही लिहून देतात. ट्यूबवरची बारीक अक्षरे आता मी चष्मा लावून वाचतो. आईलाही सुनेने तसाच लेप आणून दिला. "या वयात मला कशाला?" म्हणून तिने तो आठ दिवस कपाटात ठेवला. नवव्या दिवशी भाजी आणायला निघताना तिच्या गालांवर तो मातकट रंग दिसला. आम्ही कोणी काही बोललो नाही.

तर यंदाचा तो प्रश्न. "आजी, याने खरंच गोरं होतं का ग?"

खलबत्ता थांबला होता. माझी मुलगी आत्यावर गेली आहे, सावळी आहे, आणि तिच्या वर्गात काय काय बोलले जाते ते मला थोडेफार ठाऊक आहे. मी वर्तमानपत्राआडून कान टवकारले. आईने खलातली पूड बोटांनी मोकळी केली, तिच्या नाकाशी धरली आणि म्हणाली,

"छे ग. मळ निघतो आणि वास छान येतो. रंग कुठे जातोय? तो तुझा आहे."

मग तिने बत्ता नातीच्या हातात दिला आणि म्हणाली, "आता तू कुट. माझा हात दुखला. आणि संत्र्याची साल घालू नकोस त्यात. तुझ्या आत्याने यंदा फोनवर बजावलंय."